पाया खणण्याआधी पूररेषा पाहा

नदीकाठी घर बांधायचा बेत असेल, तर पिंपरी-चिंचवडमधील चिखलीचे उदाहरण ध्यानात ठेवा. तेथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले. हरित न्यायाधिकरणाने २०२४ साली ते पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही तो कायम राहिला आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने बंगले पाडले.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत घर बांधण्यास मनाई आहे.

कागदावरची चूक रबराने खोडता येते. उभे घर पाडले, की जन्माची पुंजी जाते. म्हणून आधी गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयात पूररेषेचा नकाशा पाहा, मगच आराखडा काढा.