माश्या मारायला बंगळूरला?

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता. संध्याकाळी देवापाशी दिवा लावत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी घाईघाईने आल्या. "ताई, जरा चला आमच्याकडे. बापलेकीत जुंपलीय."

त्यांची लेक एम.एस्सी. झूऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला. उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत काम करण्यासाठी तिची निवड झाली होती. काम कशावर? तर पिकल्या केळ्यावर भिरभिरणाऱ्या चिलटांच्या झोपेवर! तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता. "माश्या मारायला बंगळूरला कशाला जायला हवं? इथे माझ्या दुकानात बसून मार की!" धाकटा भाऊ खो खो हसत होता आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी.

आता मी पडले बी.ए. मराठी. महिला मंडळ, बचत गट, आरोग्य शिबिरं एवढंच माझं जग. पण पोरीला म्हटलं, "रडू नकोस. माझ्यासारखीला समजेल असं सांग, मग बघू."

ती डोळे पुसून सांगू लागली आणि मी ऐकतच राहिले. आपल्या अंगणातली लाजाळू रात्री पानं मिटते, सकाळी उघडते. आपण म्हणतो, उजेडामुळे. पण १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवून पाहिलं. उजेड नसतानाही पानं आपापल्या वेळेला उघडत, मिटत राहिली. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, आतच आहे!

या घड्याळाचा पत्ता सापडला तो चिलटांत. १९७१ मध्ये अमेरिकेत कोनोप्का आणि बेंझर यांना अशी चिलटं मिळाली, की काहींचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा आणि काहींना तर वेळेचा पत्ताच नाही. सगळा फरक एका जनुकाचा. पुढे हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांनी त्या जनुकाचं काम उलगडलं. त्याच्यामुळे रात्री पेशीत एक प्रथिन साठत जातं, दिवसा ते विरतं, की पुन्हा साठायला लागतं. पाणी भरलं, रिकामं झालं, परत भरलं, तसं. या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. "म्हणजे काका," मी तिच्या वडिलांना म्हटलं, "माश्या मारून नोबेल मिळतं बरं का!" ते ओठातल्या ओठात हसले, पण बोलले काही नाहीत.

आपल्या देशातही हे काम जुनं आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांचा अभ्यास केला. माणसांनाही घड्याळ नाही, ऊन दिसत नाही, अशा बंद जागेत त्यांच्या मर्जीने ठेवून त्यांची झोप-जाग टिपली. १९९१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा एकांतात राहिलेल्या एका स्त्रीबद्दल लिहिलं, की तिची मासिक पाळी झोपेच्या घड्याळाला बांधलेली नव्हती; ती आपल्या स्वतंत्र चालीने चालत होती. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात चिलटांवर आणि निम्हान्समध्ये माणसांच्या झोपेवर संशोधन चालतं.

"आणि काकू, बायकांचं घड्याळ वेगळंच असतं," पोरगी आता रंगात आली होती. २०११ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दीडशेवर माणसं तपासली. बायकांचं आतलं घड्याळ पुरुषांपेक्षा सरासरी सहा मिनिटांनी पुढे धावतं. सहा मिनिटं ती काय, असं आपण म्हणू. पण घड्याळ रोज थोडं पुढे आणि निजायला मात्र सगळ्यांच्या मागून, अशी ओढाताण झाली, तर पडल्यावर झोप येणार कशी?

हे ऐकताना मला आमच्या मंडळातला एक प्रसंग आठवला आणि लाज वाटली. "लवकर उठा, तब्येत सांभाळा" असं मी भाषण ठोकत होते. मागून एक परिचारिका उठली. "ताई, माझी रात्रपाळी असते. मी कधी उठू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगाला कारण ठरणारी' असं म्हटलंय. म्हणजे रात्रपाळी केलेल्या प्रत्येकीला आजार होतो असं नाही. पण तिची दिवसाची झोप म्हणजे आळस नव्हे, एवढं तरी घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

मी म्हटलं, "आता तरी पाठवा पोरीला." वडील गप्प. मग हळूच म्हणाले, "ताई, तसं नाही हो. पण पाण्याचं काय?"

तेव्हा खरी गाठ कळली. आमच्या भागात नळाला पाणी येतं एक दिवसाआड, रात्री तीनला. वहिनी आणि लेक पाळीपाळीने उठून भरतात. लेक गेली तर दोन महिने सगळ्या रात्री वहिनींच्या. लेक म्हणाली, "बाबा, आई गेली कित्येक वर्षं सलग झोपलेली नाही. तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात थंड, सगळ्यात सुस्त असतं. तेव्हाच ती हंडे उचलते. दिवसा तिची चिडचिड होते, डोकं दुखतं, आणि तुम्ही म्हणता हिला झालंय तरी काय!"

वहिनी पदराशी चाळा करत उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझं काय मेलं, सवय झालीय."

२०२४ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, असं दिसलं. पुरुषांची ८८. झोपमोडीचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

शेवटी ठरलं. पोरगी जाणार आणि पाणी बापलेक भरणार. ती मे महिन्यात गेली. आठव्या दिवशी दुकानात काकांचा हिशेब चुकला, दहाव्या दिवशी ते गिऱ्हाईकावर खेकसले. महिना संपायच्या आत अंगणात खड्डा खणून टाकी बसली. पाणी आलं की आपोआप भरते, भरली की बॉलकॉकने बंद होते. वहिनी दहा वर्षं हेच मागत होत्या!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी, शेजारी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मानसशास्त्र शिकणारी मुलगी असेल तर तिला हे क्षेत्र सांगा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही. त्यात भत्ता मिळतो, प्रवासभाडंही मिळतं. लग्न-बाळंतपणात संशोधन सुटलेल्या बायकांना परत येता यावं म्हणून केंद्राच्या विज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण'मध्ये योजना आहेत. नववी ते बारावीच्या मुलींसाठी 'विज्ञान ज्योती' आहे. मोठ्या रुग्णालयांत झोपेची तपासणी करणारे तंत्रज्ञही लागतात. वयाची अट आणि अर्जाची तारीख कॉलेजातल्या सरांना, मॅडमना विचारून घ्या. मुलगी लाजत असेल तर तुम्ही सोबत जा.

आणि घरातल्या झोपांकडेही बघा. वयात आलेल्या मुलांचं घड्याळ उशिराकडे सरकतं, हे शास्त्र सांगतं. प्रत्येक वेळी तो आळस नसतो. लहानांच्या झोपेचा विचार करून महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. आईच्या झोपेसाठी मात्र कुठला सरकारी निर्णय निघणार नाही. तो घरातच घ्यावा लागतो.

जुलैत पोरगी परत आली. पहाटेची गाडी होती. घरी पोचली तर दार वडिलांनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोल. आई झोपलीय."