घरातल्या आठवणींची अमानत : मोठी डिस्क-साठवण उभारताना काय घ्यावे, काय टाळावे

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातली पोर्टेबल डिस्क अचानक बंद पडली. तिच्यात मरहूम अब्बांच्या तिलावतीचे रेकॉर्डिंग होते, दोन निकाहांचे व्हिडिओ होते आणि जमिनीच्या कागदांचे स्कॅन होते. कागद पुन्हा स्कॅन झाले, व्हिडिओ मामूंकडे सापडले. अब्बांचा आवाज मात्र गेला तो गेलाच. त्यानंतर आम्ही भावंडांनी मिळून घरातच सहा डिस्कची साठवण उभी केली. त्यात जे शिकलो, ते इथे मांडत आहोत.

रेड म्हणजे काय?

अनेक डिस्क जोडून एक मोठी साठवण करायची आणि त्यातली एखादी बिघडली तरी माहिती शाबूत ठेवायची, या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झाले. हिशेब शाळेतलाच आहे. चार विषयांचे गुण आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर एका विषयाचे गुण पुसले गेले तरी वजाबाकी करून ते काढता येतात. रेड ५ मध्ये अशा हिशेबाला एका डिस्कएवढी जागा लागते, रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी.

यासाठी महागडे रेड कार्ड घ्यायची गरज नाही. लिनक्समधले एमडीएडीएम किंवा झेडएफएस हे सॉफ्टवेअर हेच काम फुकटात करते. कॉम्प्युटर जळाला तरी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचता येते. रेड कार्ड बिघडले तर मात्र बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते.

डिस्क निवडताना

८ टीबीच्या सहा डिस्क म्हणजे ४८ टीबी. रेड ६ मध्ये त्यातले ३२ टीबी वापरायला मिळतात. दोन डिस्कची जागा ‘वाया’ का घालवायची? एक डिस्क गेली की नवीन डिस्क पूर्ण भरून घ्यावी लागते. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ८ टीबीला जवळपास १५ तास लागतात. तेवढा वेळ बाकीच्या, त्याच वयाच्या डिस्क सतत राबत असतात. त्यात दुसरी गेली तर रेड ५ मध्ये सगळेच संपते.

दुसरी गोष्ट, डिस्क सीएमआर प्रकारचीच घ्या. एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या रेघा छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, तसेच इथे होते. त्यामुळे वरचे १५ तासांचे काम कितीतरी लांबते. २०२० मध्ये तर नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचे उघड झाले होते. म्हणून डब्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा.

बाकीचे सामान

साध्या मदरबोर्डवर चार किंवा सहा साटा पोर्ट असतात. जास्त डिस्क जोडायच्या तर एलएसआय ९२११-८आय सारखे एचबीए कार्ड ‘आयटी मोड’मध्ये घ्या, त्याला आठ डिस्क लागतात. यूएसबीच्या डब्यांवर मोठी साठवण उभारू नका.

पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. सुरू होताना प्रत्येक मोठी डिस्क २० ते २५ वॅट ओढते, म्हणजे आठ डिस्कना एका झटक्यात सुमारे २०० वॅट लागतात. मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्त, प्लॅस्टिक ओतून बनवलेले जोड टाळा. ते वितळून आग लागू शकते.

प्रोसेसर जुना चालतो. रॅम ८ जीबी पुरते, झेडएफएससाठी १६ जीबी बरी. ईसीसी रॅम फर्ज नाही, मुस्तहब समजा! डिस्कसमोर पंखा मात्र हवाच. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आत राहिले पाहिजे. वीज जाते तिथे यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी वायर जोडा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी कॉम्प्युटर स्वतः नीट बंद होतो.

नवीन डिस्कची आधी स्मार्टची लांब चाचणी घ्या. बिघाडाची सूचना ईमेलवर येईल अशी सोय करा. कारण एक डिस्क मेली तरी साठवण गुपचूप चालूच राहते आणि दुसरी जाईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही.

सर्वात महत्त्वाचे

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. मुलाने चुकून फोल्डर उडवले, व्हायरस आला, घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर सहाच्या सहा डिस्क काही उपयोगाच्या नाहीत. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, हा नियम पाळा. आमची एक प्रत आपाच्या घरी असते, दर ईदला ती नवी करतो. बजेट कमी असेल तर मोठ्या साठवणीचा नाद सोडा. दोन साध्या डिस्क घ्या आणि दोन घरांत ठेवा, एवढ्यानेही खूप काही वाचेल.

उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण. आम्ही तो उशिरा बांधला. आपण आजच बांधा.