कुलूपबंद आज्ञावली आणि कुलूपभंगाची नीती

कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे–बंगळूर महामार्गानजीक, कागल व हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीत वसलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत फौंड्री आणि मशीन शॉप यांना मोठे स्थान आहे. ओतीव भागाचे काम आता भट्टीपाशी सुरू होत नाही, ते संगणकापाशी सुरू होते. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून त्रिमितीय प्रतिरूप सिद्ध करणे, साच्यात रस कसा पसरेल व आकसताना पोकळी कोठे राहील याचा आगाऊ अंदाज घेणे, सीएनसी यंत्रास द्यावयाच्या आज्ञा तयार करणे, ही सर्व कामे सॉफ्टवेअर करते. परदेशी सॉफ्टवेअरची किंमत लहान कारखानदारास सहजी पेलवत नाही. 'क्रॅक' केलेल्या प्रतीचा मोह येथूनच उत्पन्न होतो, आणि तो केवळ लोभातून येतो असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रतिबंधक कुलपाची रचना तत्त्वतः साधी असते. पूर्वी फ्लॉपीवर हेतुपुरस्सर सदोष भाग ठेवून मूळ प्रत ओळखली जाई. पुढे संगणकास जोडावयाचा डोंगल आला, नंतर लायसन्सची फाइल व सर्व्हर आले. रूपे निराळी असली तरी आज्ञावली एकच प्रश्न विचारते : परवाना आहे काय? कुलूप तोडणारा हा प्रश्नच काढून टाकतो, अथवा त्याचे उत्तर सदैव 'होय' येईल अशी तजवीज करतो. यासाठी त्यास ओतकामातील एक अक्षरही ठाऊक असावे लागत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण या कृत्याच्या समर्थनार्थ कोल्हापूरच्याच इतिहासाचा दाखला देता येण्याजोगा आहे. येथील कारागिरांनी परदेशी ऑइल इंजिने खोलून, त्यांची मापे घेऊन, तशी इंजिने आपल्या भट्टीत व लेथवर घडविली. त्यांस कोणी चोर म्हटले नाही. मग आज्ञावलीच्या नकलेसच दोष का? हा प्रश्न वरवरचा नाही. परंतु इंजिनाची नक्कल करणाऱ्यास धातू, घर्षण व उष्णता यांचे ज्ञान कमवावे लागले आणि प्रत्येक नगामागे श्रम वेचावे लागले. त्या नकलेतून कसब निर्माण झाले. क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्याच्या पदरी असे कसब पडत नाही. शिकण्यासाठी खोलून पाहण्याची वाट तर कायद्यानेही बंद केलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण व परीक्षण करण्याची, हानीपासून बचावासाठी जादा प्रत काढण्याची, आणि दुसऱ्या आज्ञावलीशी मेळ घालण्यास आवश्यक तेवढी माहिती मिळविण्याची मुभा देते.

दंडाची बाजू थोडक्यात अशी. कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच अपराध असून त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे; वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ मात्र बारकाईने वाचले पाहिजे. कुलूप तोडणे एवढ्यानेच तेथे अपराध घडत नाही. हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून भारतीय कायदा येथे अधिक विवेकी ठरतो. रीतसर पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा डोंगल निकामी झाला, विक्रेता कंपनी बुडाली आणि यंत्र खोळंबले, तर त्या कारखानदाराने कुलूप निघेल असा मार्ग शोधणे आणि एकही परवाना न घेता दहा संगणकांवर चोरटी प्रत चढविणे, यांस एकाच मापाने मोजणे नीतीस धरून नाही.

चोरट्या प्रतीचा खरा बळी नेहमी परदेशी कंपनीच असतो, हाही समज तपासावा लागतो. ओतकामाच्या अभिकल्पासाठी आयआयटी मुंबई येथे प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने 'ऑटोकास्ट' ही आज्ञावली विकसित झाली. महागडे परदेशी सॉफ्टवेअर फुकट मिळू लागले, की रास्त किमतीच्या देशी आज्ञावलीस गिऱ्हाईक उरत नाही. फुकटाशी स्पर्धा करणे तिलाच अधिक जड जाते. 'फ्रीकॅड' किंवा 'लिनक्ससीएनसी' यांसारख्या मुक्त आज्ञावलींचेही तेच. त्यांत उणिवा आहेत, पण त्या वापरणारे वाढल्यावाचून दूर होणार नाहीत.

शिवाय कारखान्याच्या संगणकावर ग्राहकाने विश्वासाने दिलेली ड्रॉइंगे असतात. क्रॅक बनविणारा अज्ञात इसम त्या फाइलमध्ये आणखी काय घालून ठेवतो हे वापरणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. आपल्या गेटिंगची मांडणी शेजारच्या फौंड्रीस कळू नये म्हणून दक्ष असणारा कारखानदार त्याच संगणकाचे दार अनोळखी माणसाच्या स्वाधीन करतो.