न्यूटची अंडी : निम्मी का मरतात?

न्यूट हा बेडकाचा शेपटीवाला नातलग. महाराष्ट्रात तो आढळत नाही. भारतात पाहायचा तर दार्जिलिंगकडे जावे लागते, आणि तिथला न्यूट कायद्याने संरक्षित आहे. युरोपात मात्र हौशी मंडळी घरातल्या टाकीत न्यूट पाळतात. फ्रान्स-स्पेनकडचा हिरव्या-काळ्या ठिपक्यांचा संगमरवरी न्यूट त्यांपैकीच एक.

याची मादी एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानावर ठेवते आणि मागच्या पायांनी पान दुमडून त्याची पुडी करते. टाकीतले मोठे न्यूट अंडी खाऊन टाकतात, म्हणून ही पाने पुड्यांसकट वेगळ्या उथळ भांड्यात काढून ठेवतात. पाणी क्लोरीन उडून गेलेले हवे, आणि भांडे उन्हात नको.

पहिले काही दिवस सारे ठीक चालते. गोल भ्रूण लांबट होतो, स्वल्पविरामासारखा वाकतो, शेपटीचा कोंब दिसू लागतो. आणि इथेच निम्म्या अंड्यांची वाढ थांबते. ती पांढुरकी पडतात, त्यांवर बुरशी चढते. नवखा माणूस पाणी बदलतो, औषध घालतो, स्वतःला दोष देतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच!

दोष त्याचा नसतोच. या न्यूटला गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. त्यांतल्या पहिल्या, सर्वांत मोठ्या गुणसूत्राची दोन रूपे आहेत. त्यांना आपण क आणि ख म्हणू. जगणाऱ्या प्रत्येक न्यूटमध्ये एक क आणि एक ख असतो. आता फळ्यावर नेहमीचा चौकोन काढून पाहू. कख आणि कख यांची संतती : पाव हिस्सा कक, निम्मी कख, पाव हिस्सा खख. कक आणि खख भ्रूणावस्थेतच मरतात. उरतात ते सगळे कख, म्हणून पुढच्या पिढीत हाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून. मॅकग्रेगर आणि हॉर्नर यांनी १९८० मध्ये याचा उलगडा केला. ट्रिट्युरस या प्रजातीतल्या सर्वच न्यूटांत हे आढळते, म्हणजे ही देणगी त्यांच्या समान पूर्वजाकडून आलेली. मेंडेलच्या वाटाण्यांनंतर वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

पाळणाऱ्याला या हिशेबाचा उपयोग होतो. शंभरांतली पन्नास गेली तर ते ठरलेलेच. ऐंशी गेली तर मात्र पाणी आणि तापमान तपासायला हवे. मेलेली अंडी लगेच काढावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते.

अंड्यातून निघालेला डिंभ काही दिवस बलकावर जगतो. नंतर त्याला हलते, जिवंत भक्ष्यच लागते. बेडूकमाशासारखा तो शेवाळ खरवडत नाही. मिठाच्या पाण्यात दिवसभरात उबवलेली आर्टेमियाची पिल्ले गोड्या पाण्यात धुऊन देतात. उपाशी डिंभ एकमेकांचे पाय आणि कल्ले तोडतात, म्हणून मोठे आणि लहान वेगळे ठेवावे लागतात. यांना पुढचे पाय आधी फुटतात, बेडकाच्या नेमके उलट. बाहेरचे पिसासारखे कल्ले आखडू लागले की पाणी कमी करून मध्ये एक उतरता दगड ठेवायचा. आता त्यांना श्वासासाठी पाण्याबाहेर यायचे असते, आणि दगड नसेल तर ती बुडून मरतात.