पैज, विश्वास आणि एक फुटबॉल सामना

मंडळी, 'मला वाटतं' आणि 'मला खात्री आहे' यांतला फरक मोजायचा कसा, हा जुना प्रश्न आज आपण अमेरिकेतल्या एका मैदानावर नेऊ. मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचं वैर १८९७ पासूनचं. (तिथला फुटबॉल बहुतांशी हातानेच खेळतात, नावावर जाऊ नका.) २०२५ पासून कालशीसारख्या भाकीत-बाजारांत अशा सामन्यांच्या निकालांचे करार विकले जातात.

रीत सोपी आहे. 'ओहायो स्टेट जिंकेल' हा करार तुम्ही घेतलात आणि तो संघ जिंकला, तर एक डॉलर मिळतो. हरला तर शून्य. समजा भाव ८० सेंट आहे. लगेच म्हणतात, जिंकण्याची शक्यता ८० टक्के. पण सामना तर एकदाच होणार! मग हे ८० टक्के कशाचे?

केंब्रिजच्या फ्रँक रॅम्झी यांनी १९२६ मध्ये याला एक उत्तर दिलं, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. विश्वास किती पक्का, हे माणूस कोणत्या भावाने पैज घ्यायला तयार होतो यावरून कळतं. आपणही वाद वाढला की 'लाव पैज' म्हणतोच ना, आणि समोरच्याचा आवाज खाली येतो. मात्र रॅम्झींनीच बजावलं होतं की पैजेची हौस किंवा नावड असली की हे माप बिघडतं.

आणि वैराच्या सामन्यात नेमकं तेच होतं. मिशिगनचा जुना विद्यार्थी ओहायोचा करार फुकटातही घेणार नाही. दुसरा मुद्दाम घेईल, म्हणजे हरलो तर निदान दुःखावर चार पैसे तरी मिळतील. दोघांचा विश्वास एकच असू शकतो, व्यवहार मात्र उलटे. बाजारवाले म्हणतात, थंड डोक्याचे व्यापारी अशा चुका पुसून टाकतात. बऱ्याच अंशी खरं आहे. तरी भावात मत किती आणि माया किती, हे भाव सांगत नाही, असं आम्हाला वाटतं.

२०२४ मध्ये पैजवाल्यांच्या हिशेबात ओहायो स्टेट जवळजवळ वीस गुणांनी वरचढ होता. मिशिगन १३-१० ने जिंकला. म्हणून अंदाज चुकला का? तसं एका सामन्यावरून म्हणता येत नाही. ८० सेंटचे शेकडो करार गोळा करा, त्यांतले साधारण ८० टक्के खरे ठरतात का ते पाहा. म्हणजे शेवटी 'शंभरदा' आलंच, फक्त वेगवेगळ्या सामन्यांचं.

आता कायद्याचा भाग. कंपन्या म्हणतात हा वायदा, त्यावर केंद्राच्या वायदे बाजार नियामकाची देखरेख. अनेक राज्यं म्हणतात हा सरळ जुगार. हा शब्दांचा खेळ नव्हे, बरं का. ओहायोत खेळांवर अधिकृत पैज लावायला वय २१ लागतं, कालशीवर १८ पुरतं. कॉलेजातली बरीच मुलं नेमकी या दोन आकड्यांच्या मधली, आणि मैदानात खेळणारीही त्यांच्यातलीच. चेंडू हातून निसटला की हरलेल्यांच्या शिव्या थेट त्यांच्या फोनवर जातात. म्हणून २०२४ मध्ये ओहायोने एकेका विद्यार्थी-खेळाडूच्या कामगिरीवर पैज घेणं बंद केलं. ते बंधन घातलं राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या पैजवाल्यांना.