ऑनलाइन स्वयंसेवकांची नोंद : संगणक प्रणाली निवडताना

धर्मग्रामातील सेवाकार्य म्हटले की सभागृहात जमलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. कोण आले आणि कोण आले नाही, हे तेथे एका नजरेत कळते. परंतु घरी बसून संगणकाद्वारे सेवा देणारा स्वयंसेवक कोणालाही दिसत नाही. त्याचे काम अडले किंवा त्याने ते पूर्ण करून पाठविले, तरी त्याची दखल घेतली जाईलच असे नाही. दोनदा पाठविलेल्या कामाची पोचही न मिळाल्यास तिसऱ्यांदा तो पुढे येत नाही. म्हणून अशा सेवेची नोंद ठेवणारी प्रणाली आवश्यक ठरते.

ती निवडताना आपण प्रथम किंमत विचारतो. खरे तर पहिला प्रश्न कामाच्या स्वरूपाचा असावा. समजा, दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी रात्री ८ वाजता गणिताचा ऑनलाइन वर्ग आहे. येथे वेळापत्रक महत्त्वाचे. त्या वेळी दुबईत सायंकाळचे ६.३० वाजलेले असतात आणि तेथे नोकरी करणारी आपली शिक्षिका कदाचित अजून घरीही पोहोचलेली नसते. लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे २.३०, तर उन्हाळ्यात ३.३० वाजलेले असतात, कारण तेथील घड्याळे वर्षातून दोनदा सरकवितात. तेव्हा प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेनुसार तास दाखविणारी आणि आदल्या दिवशी आठवण करून देणारी प्रणाली हवी.

याउलट धर्मग्रामाच्या जुन्या स्मरणिका टंकलिखित करावयाच्या असतील, तर वेळेच्या रकान्यांचा काहीच उपयोग नाही. कोणते पान कोणाकडे आहे, ते परत आले काय, ते कोणी तपासले, एवढेच कळायला हवे. याचा उत्तम नमुना म्हणजे २००० साली चार्ल्स फ्रँक्स यांनी सुरू केलेला 'डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स' हा उपक्रम. प्रोजेक्ट गटेनबर्गसाठी तेथे जुनी पुस्तके तपासली जातात. स्वयंसेवक एका वेळी एकच पान घेतो. पानाचे छायाचित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर यांची तुलना करून चुका सुधारतो. तेच पान पुढील फेऱ्यांत इतरांकडे जाते. नोव्हेंबर २००२ मध्ये 'स्लॅशडॉट' या संकेतस्थळावर या कार्याचा उल्लेख होताच हजारो नवे स्वयंसेवक येऊन दाखल झाले, तरी काम कोलमडले नाही. प्रणाली कामाच्या घडणीवर बेतलेली होती, हेच त्याचे कारण असावे.

वीस-पंचवीस स्वयंसेवकांसाठी गूगल शीट्ससारखा सामायिक तक्ता सहसा पुरतो. व्हॉट्सॲपचा गट निरोपासाठी ठीक, परंतु नोंदवही म्हणून तो कुचकामी : महत्त्वाचा निरोप शुभेच्छांच्या गर्दीत केव्हाच वर सरकून जातो! संख्या वाढल्यावर सिव्हीसीआरएमसारख्या मुक्तस्रोत प्रणालीचा विचार करता येईल. तिला परवान्याचे मूल्य नाही. मात्र सर्व्हरचा खर्च आहे आणि तिची देखभाल करणारा जाणकारही लागतो. तो मिळणार नसेल, तर फुकटची प्रणालीच महाग पडते.

कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती मंडळातील सर्वात वयस्कर स्वयंसेवकाच्या हाती, त्याच्याच मोबाइलवर द्यावी. त्यांना मदतीशिवाय आपले काम नोंदविता आले, तर ती सर्वांना जमेल. सर्व माहिती साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते काय, हेही पाहावे. अन्यथा उद्या प्रणाली बदलताना सर्व नावे पुन्हा लिहावी लागतील. मुख्य पासवर्ड निदान दोघांकडे असावा.

सर्वात नाजूक बाब वैयक्तिक माहितीची. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणून विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक सर्व स्वयंसेवकांना दिसतील अशी मांडणी टाळावी. सेवा थांबविलेल्या स्वयंसेवकाचा प्रवेश कोणी आणि किती दिवसांत बंद करायचा, हे प्रणाली विकत घेण्यापूर्वीच मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.