पॅसिफिक युद्ध : जपानविरोधी मित्रराष्ट्रांची आघाडी

‘मित्रराष्ट्रे’ हा शब्द वाचला की एकदिलाने लढणारा एकच पक्ष तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहत असेल. पॅसिफिकमध्ये मात्र तसे नव्हते. शत्रू सामाईक होता. उद्दिष्टे वेगवेगळी होती. हे लक्षात ठेवलेत तर या युद्धातील अनेक घटनांचा उलगडा होईल.

कोण कशासाठी लढत होते?

• चीन : जुलै १९३७ पासून स्वतःच्या भूमीवर लढत होता. जपानचे मोठे भूदल तेथे अडकून पडले.
• अमेरिका : ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर युद्धात उतरली.
• ब्रिटन व नेदरलँड्स : मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश आणि डच ईस्ट इंडिज (आजचा इंडोनेशिया) या वसाहती त्यांना राखायच्या होत्या, त्या गेल्यावर परत मिळवायच्या होत्या.
• ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड : स्वतःच्या किनाऱ्यांचे रक्षण हा त्यांचा मुख्य प्रश्न होता.
• सोव्हिएत रशिया : १९४१ च्या तटस्थता करारामुळे बाहेर राहिला. ८ ऑगस्ट १९४५ रोजी त्याने जपानविरुद्ध युद्ध पुकारले.

संयुक्त नेतृत्वाचा पहिला प्रयत्न

जानेवारी १९४२ मध्ये अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया यांनी जनरल वेव्हेल यांच्या हाताखाली संयुक्त सेनापतित्व उभारले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले आणि त्याच महिन्यात हे सेनापतित्व बरखास्त झाले. २७ फेब्रुवारीला जावा समुद्रात या चार देशांच्या जहाजांचा पराभव झाला. एकत्र सरावाचा अभाव आणि सामाईक संकेतपद्धती नसणे ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती.

यानंतर सूत्रे अमेरिकेकडे गेली. नैऋत्य पॅसिफिक जनरल मॅकआर्थर यांच्याकडे, तर उरलेल्या महासागराचा बहुतेक भाग ॲडमिरल निमिट्झ यांच्याकडे आला. म्हणजे एकाच देशाच्या हाती सूत्रे येऊनही सेनापती दोन राहिले. जून १९४२ मध्ये मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली आणि पारडे फिरू लागले.

विजयानंतर काय?

२ सप्टेंबर १९४५ रोजी ‘मिसूरी’ या युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीपत्रावर नऊ मित्रराष्ट्रांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. त्याआधीच, १७ ऑगस्टला, इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते. डचांना ते मान्य नव्हते. नोव्हेंबरमध्ये सुराबाया शहरात इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी ब्रिटिश फौजांची लढाई झाली. या फौजांत बहुसंख्य सैनिक भारतीय होते. स्वतः पारतंत्र्यात असलेले सैनिक दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरले जात होते, म्हणून भारतात काँग्रेसने याला विरोध केला.

यावरून तुम्हाला दिसेल की जपानचा पराभव आणि आशियाची मुक्ती या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिलीवर सर्व मित्रराष्ट्रांचे एकमत होते, दुसरीवर नव्हते.

विचार करा : वसाहती परत मिळवण्यासाठी लढणारा देश आणि स्वतःच्या भूमीसाठी लढणारा देश यांची आघाडी युद्ध संपल्यावर किती काळ टिकेल?